सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' : दोन तासांची खरखर कोणी कोणी पूर्ण ऐकली?

सुरपेटी

मंडळी, इंग्रजी इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचं) संगीत ऐकणारे इथे किती आहेत ठाऊक नाही, पण हल्ली कुठल्याही संगीताच्या धाग्यावर कोणीतरी या अल्बमचं नाव काढतं आणि मूळ विषयाची वाट लागते. कालच पेटीच्या दुरुस्तीच्या धाग्यावर हे झालं. म्हणून हा स्वतंत्र धागा, इथे काय ते भांडा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. सिंडी ली म्हणजे पॅट्रिक फ्लेगेल या कॅनेडियन कलाकाराचं रंगमंचावरचं रूप. चमचमता ड्रेस, विग, हातात गिटार. फ्लेगेल आधी कॅलगरीच्या 'विमेन' या चौघांच्या बँडमध्ये होते. २०१० मध्ये एका कार्यक्रमात मंचावरच मारामारी झाली आणि बँड फुटला. पुढे सिंडी ली या नावाने बरेच अल्बम आले, ऐकणारे मोजकेच. आणि मग २९ मार्च २०२४ ला 'डायमंड ज्युबिली' आला. ३२ गाणी, दोन तासांहून थोडं जास्त. स्पॉटिफायवर नाही, ॲपलवर नाही. यूट्यूबवर एकच सलग व्हिडिओ, आणि नव्वदच्या दशकातल्या, जिओसिटीजच्या जमान्यातली वाटावी अशी एक साइट, तिथे डाउनलोडची लिंक आणि ३० कॅनेडियन डॉलर पाठवण्याची सूचना. दोन आठवड्यांत पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या साइटने १० पैकी ९.१ दिले. २०२० नंतर कुठल्याही नव्या अल्बमला त्यांनी इतके दिले नव्हते. मग जे व्हायचं ते झालं.

आता माझं. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा वाटलं, माझ्या हेडफोनचं काहीतरी बिघडलंय. गिटारच्या तारा छेडल्या जातायत, पण त्यांना धार नाही. ढोल मागे कुठेतरी. आणि वर एक बारीक, उंच, जवळजवळ तुटेल असा आवाज. शेजारच्या बिऱ्हाडातला रेडिओ भिंतीतून ऐकू यावा तसं. शब्द अर्धे कळतात. पण चाल पक्की बसते डोक्यात. 'बेबी ब्लू' तर मी भांडी घासताना गुणगुणत होतो आणि शब्द एकही येत नव्हता!

विचारायचंय ते हे : हा धूसरपणा गाण्याचाच भाग आहे, की गाणी तशी बेताचीच आहेत आणि धुक्यामुळे गूढ वाटतात? मी पहिल्या पक्षात आहे. दुसऱ्या पक्षाने या.

उनाड

शीर्षकात खरखर वाचूनही मी 'लो-फाय'च्या आशेने आलो. माझी समजूत अशी की लो-फाय म्हणजे जुनं हिंदी गाणं घ्यायचं, मंद करायचं, मागे पावसाचा आवाज टाकायचा, आणि चित्रात एक मुलगी खिडकीशी वही घेऊन बसलेली. आमच्या कन्येचा बारावीचा अभ्यास त्यावरच चालतो. तिला हे लावून दिलं. 'ग्लिट्झ'ची गिटार सुरू झाल्यावर खोलीतून विचारणा झाली, "बाबा, स्पीकर फाटलाय का?"

सुरपेटी

@उनाड, हसून हसून पुरेवाट. ते लो-फाय वेगळं, हे वेगळं. ते आलंय हिपहॉपच्या बीट्समधून आणि मुद्दाम कानाआड करायला बनवलेलं असतं. हे लक्ष द्यायला लावतं.

डेसिबल

थोडं तांत्रिक लिहितो, धंदाच आवाजाचा आहे. (मालिकांचं डबिंग आणि मिक्सिंग. हसू नका.)

लो-फाय म्हणजे घरगुती, कच्चं ठेवलेलं ध्वनिमुद्रण. या नावाचं श्रेय बहुतेक जण न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू रेडिओला देतात. तिथे १९८६ मध्ये या नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता, घरी ध्वनिमुद्रित केलेलं वाजवायचे. पण हे शक्य झालं यंत्रामुळे. १९७९ मध्ये टिॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ हा घरगुती रेकॉर्डर काढला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज सुटे सुटे भरायची सोय. आपल्या घरच्या कॅसेटला दोन बाजू असतात, प्रत्येकीवर डावा-उजवा. याने चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले आणि टेप दुप्पट वेगाने पळवली, सेकंदाला साधारण ४.७६ सेंमीऐवजी ९.५ सेंमी. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' अल्बम घरी याच्यावरच केला. खरं तर ते बँडला ऐकवायचे कच्चे नमुने होते. मग बँडसोबत तेच पुन्हा करून पाहिलं, तर गाण्यातला जीव गेला, म्हणून त्या कॅसेटवरचंच बाजारात आणलं.

चार ट्रॅक पुरत नाहीत तेव्हा तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे बाउन्स करायचं. तीन मोकळे झाले. पण प्रत्येक बाउन्सला टेपची सरसर वाढते, वरच्या पट्टीतली चमक जाते, झांजा बोथट होतात. आधी उतरवलेलं मागे ढकललं जातं, शेवटचं वाजवलेलं पुढे येतं. म्हणजे कोणतं वाद्य लांब आणि कोणतं जवळ हे तुम्ही कोणत्या क्रमाने काम केलं त्यावर ठरतं. आणि एकदा उतरवलेलं परत सुटं करता येत नाही.

'डायमंड ज्युबिली' ऐकताना माझा कान तिथेच गेला. गाणाऱ्याचा आवाज मिक्समध्ये इतका आत बसवलाय की माझ्या कामाच्या ठिकाणी कोणी असं केलं तर निर्माता खुर्ची फेकून मारेल. पण सगळंच बुडालेलं नाही. बास बघा, 'ड्रॅक्युला'त बास किती स्वच्छ आणि गोल आहे. ज्याला बास असा ठेवता येतो त्याला आवाजही वर काढता आला असता. नाही काढला. म्हणून @सुरपेटी, माझं मत तुमच्या पारड्यात.

काळी चार

मी दुसऱ्या पक्षात. काडी टाकून पळणार नाही, बसतो.

सगळे म्हणतायत साठच्या दशकातल्या मुलींच्या ग्रुप्सची आठवण येते, रॉनेट्स वगैरे. बरोबर आहे, येते. पण ते लोक काय करत होते ते बघा. १९६३ चं 'बी माय बेबी' लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत झालं. शहरातले सगळ्यात तयार वादक, एकाच खोलीत दाटीवाटीने, तीन-तीन गिटारी एकच गोष्ट वाजवतायत, आणि इमारतीतल्या खास प्रतिध्वनीच्या खोलीतून तो आवाज फिरवून आणलेला. मोनोत, म्हणजे डावा-उजवा न करता एकाच वाटेने केलं, कारण मोटारीच्या छोट्या रेडिओवर ते दणकून वाजायला हवं होतं. म्हणजे त्या काळात जितकं भव्य करता येईल तितकं भव्य. धूळ नंतर बसली, साठ वर्षांत.

फ्लेगेल काय करतात? ती धूळच आधी बसवतात. आजच्या माणसाने मेहनतीने जुनाट आवाज काढायचा आणि आपण 'आहाहा, काय आठवणी' म्हणायचं. कुणाच्या आठवणी? माझा जन्म इचलकरंजीचा, १९८८ चा. मला कसली आलीय साठच्या दशकातल्या अमेरिकेची आठवण! हा उसना हळवेपणा आहे.

आणि ३२ गाणी? कुणीतरी कात्री लावायला हवी होती.

अनुस्वार

काळी चार, +१ फक्त शेवटच्या ओळीला.

बर्फाळ

कॅलगरीत अकरा वर्षं काढली म्हणून तोंड उघडतो. इथल्या जुन्या संगीतवाल्यांशी बोललं की 'विमेन'चं नाव निघतंच. त्यांचा २००८ चा पहिला अल्बम चॅड व्हॅनगेलन या इथल्याच संगीतकाराच्या घरच्या तळघरात झाला. शिवाय रस्त्याखालून जाणाऱ्या पाण्याच्या मोरीत आणि घराखालच्या सरपटत जायच्या पोकळीत! यंत्रं म्हणजे बूमबॉक्स आणि जुने टेपरेकॉर्डर. सिमेंटच्या मोरीत गिटार कशी घुमते ते तो अल्बम लावून बघा, कुठल्याही यंत्राने तसा घुमारा येणार नाही. त्यामुळे @काळी चार, फ्लेगेलनी हा आवाज पिचफोर्कसाठी काल-परवा काढलेला नाही. तेव्हापासून ते हेच करतायत.

दुसरं, बँड फुटल्यावर सव्वा वर्षाने, २०१२ च्या फेब्रुवारीत, त्यांचा गिटारवादक क्रिस रायमर गेला. वय २६. फ्लेगेलचे बंधू मॅट आणि ड्रमर वॉलेस यांनी पुढे दुसरा बँड काढला, तोच आता 'प्रीऑक्युपेशन्स'. पॅट्रिक वेगळ्या वाटेने गेले. मी कुठल्या गाण्यात कोणाचं दुःख आहे ते सांगत बसणार नाही, ते इथले लोकही फार करतात. पण 'उसना' हा शब्द मला खटकला.

आधीचे सिंडी लीचे अल्बम ऐकलेत का कुणी? २०२० चा 'व्हॉट्स टुनाइट टू इटर्निटी' लावा. एक गोड गाणं, आणि लगेच कानठळ्या बसवणारी कर्कश किंचाळी, मिनिटभर. त्यापुढे 'डायमंड ज्युबिली' म्हणजे अगदी घरगुती आहे. कर्कशपणा जवळजवळ काढून टाकलाय. मला तर उलटं वाटलं, की या वेळी त्यांनी ऐकणाऱ्याला आत घेतलंय.

जाता जाता, २०२४ च्या पोलॅरिस या कॅनडातल्या संगीत पुरस्काराच्या शेवटच्या यादीत हा अल्बम होता. मिळाला जेरेमी डचरला.

मिरजकर

मला यातलं फारसं कळत नाही. नातवाने लिंक पाठवली, म्हणून चाळीस मिनिटं ऐकलं. वयाच्या मानाने बरीच झाली.

एक सांगतो. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कधी बसून बघा. घोडी घासून घासून तिचा उतार असा करतात की तार तिला निसटता स्पर्श करत राहते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा घालून केसभर पुढे-मागे करायचा. दोरा काढलात तर सूर तोच येतो, पण कोरडा, ठण्ण असा. दोरा जागेवर बसला की तारेत गुंजारव उठतो. परदेशी माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं तार सैल आहे. तेव्हा स्वच्छ आवाज म्हणजेच चांगला आवाज, हा नियम आपल्याकडे कधीच नव्हता.

आणि आम्ही खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ऐकले ते मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरच. ते गेले १९३७ मध्ये, त्यांना समोर बसून ऐकणारे आता कोण उरलेत? तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात अर्धी खरखर. पण त्या खरखरीतून सूर यायचा तो थेट यायचा.

काळी चार

काका, नमस्कार. तंबोऱ्याचं अगदी पटलं, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. जवारी वाद्याच्या अंगातली. ती कारागीर लावतो, गवई ठरवतो, सुरासुराप्रमाणे बदलते. तबकडीची खरखर ही माध्यमाची मर्यादा. खाँसाहेबांना कोणी विचारलं असतं, 'खरखर ठेवू की काढू?' तर ते काय म्हणाले असते?

माझा प्रश्न इतकाच, की फ्लेगेलची खरखर जवारीतली की तबकडीतली?

मिरजकर

प्रश्न चांगला आहे. चाळीस मिनिटांत उत्तर मिळत नाही. परत ऐकतो.

डेसिबल

मी मध्ये पडतो. जवारीतली. कारण ती बदलते. 'गेब्लव्हिजन' ऐका, तिथे सगळं यांत्रिक आणि चकचकीत आहे, सिंथेसायझर पुढे. (व्हँकुव्हरच्या केबल टीव्हीवर ऐंशीच्या दशकात समलिंगी समाजाचा याच नावाचा कार्यक्रम होता, नाव तिथलं.) त्याच्या मागे-पुढे गिटारची गाणी आहेत ती वेगळ्या पोताची. माध्यमाचा दोष असता तर ३२ गाण्यांवर एकसारखा पसरला असता. टेप खराब असली की सगळंच खराब वाजतं ना.

काळी चार

हं. हा मुद्दा आहे. गेब्लव्हिजनपर्यंत मी पोचलोच नव्हतो, दुसऱ्या भागात आहे ते. ऐकतो. कात्रीवर मात्र ठाम.

शेवंती

इतके प्रतिसाद झाले आणि आवाजाबद्दल, म्हणजे गळ्याबद्दल, कोणीच बोलेना. सगळे टेपवरच!

पुरुषाने असा उंच, नाजूक स्वर लावून स्त्रीच्या रूपात गायचं, हे मराठी माणसाला नवीन आहे का? बालगंधर्वांनी शालू नेसून गायलं आणि घराघरांतल्या बायकांनी त्यांच्यासारखं नऊवारी नेसायला सुरुवात केली. पण तुलना इथेच थांबवते, कारण फरक मोठा आहे. बालगंधर्वांच्या काळी रंगभूमीवर स्त्रिया नसायच्या म्हणून ती रीत होती, आणि प्रेक्षक त्यांना रुक्मिणी म्हणून, सिंधू म्हणून बघत. सिंडी ली कुठल्या नाटकातलं पात्र नाही. ते ड्रॅग आहे, त्यामागे क्विअर, म्हणजे समलिंगी आणि तत्सम समाजाच्या, क्लबांची स्वतःची परंपरा आहे. आधीच्या अल्बमच्या वेळी फ्लेगेल अमेरिकन गायिका कॅरन कारपेंटरबद्दल बरंच बोलले होते. ती ३२ व्या वर्षी गेली, ॲनोरेक्सिया या स्वतःची उपासमार करून घेण्याच्या आजाराने. चमकता पोशाख, गोड आवाज आणि आत काहीतरी मोडत चाललेलं, हे तिथून आलंय असं मला वाटतं.

म्हणून आवाज मागे ठेवलाय तो मला लपवल्यासारखा वाटत नाही. पुढे आणला असता तर लोकांनी आधी 'बाई की पुरुष' हेच तपासलं असतं.

बर्फाळ

शेवंतीताई, शेवटचं वाक्य जबरी. हे डोक्यात आलंच नव्हतं.

अनुस्वार

आता पैशांचं बोलू? मला त्या स्पॉटिफायवर नसण्याचं कौतुक जरा जास्त होतंय असं वाटतं. कारण मान्य आहे. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक यांनी २०२१ मध्ये आपल्या गुंतवणूक कंपनीतून हेल्सिंग या संरक्षण तंत्रज्ञानाच्या कंपनीत १० कोटी युरो घातले, त्यावर फ्लेगेलनी जाहीर आगपाखड केली. शिवाय २०२४ पासून नियम असा, की बारा महिन्यांत हजार वेळा तरी वाजलं नाही तर त्या गाण्याचा एक छदामही नाही. सिंडी लीची आधीची कितीतरी गाणी यात अडकतील.

पण मग यूट्यूब काय गंगेच्या पाण्याने धुतलेलं आहे का? आणि ३० कॅनेडियन डॉलर म्हणजे २०२४ च्या दराने आपले १८०० रुपयांच्या आसपास. कॉलेजातलं पोर देणार आहे का?

सुरपेटी

@अनुस्वार, ती सूचना होती, सक्ती नव्हती. फुकटही ऐकता येत होतंच की. मला त्या सलग व्हिडिओचा वेगळाच फायदा झाला. गाणी वगळता येत नाहीत. म्हणजे येतात, पण पुढचं गाणं नेमकं कुठे सुरू होतं ते शोधत अंगठा घासत बसावं लागतं, त्यापेक्षा ऐकलेलं परवडतं. अशानेच मधली दोन-तीन गाणी, जी मी एरवी दहा सेकंदांत उडवली असती, ती आता आवडायला लागलीत.

काळी चारची कात्री चालवली तर नेमकी तीच जातील.

उनाड

अहो पण दोन तास सलग कोण बसतं? मी लोकलमध्ये ऐकलं, ठाणे ते सीएसएमटी आणि परत, तेही दोन दिवसांत विभागून. गाडीच्या खडखडाटात या अल्बमची खरखर कुठे संपते ते कळतच नाही. हे कौतुक समजा की तक्रार, तुमचं तुम्ही ठरवा.

काळी चार

दुसरा भाग ऐकून आलो. निकाल :

'स्टोन फेसेस' उत्तम. 'गेब्लव्हिजन' डेसिबल म्हणतात तसंच आहे, माघार घेतो. 'ड्रॅक्युला'चा बास मी गिटारवर काढायला बसलो आणि तास कसा गेला कळलं नाही. 'किंग्डम कम' (पहिल्या भागातलं) हे कुठल्याही काळात, कुठल्याही आवाजात चाललं असतं इतकं पक्कं गाणं आहे, आणि नेमकं म्हणूनच माझा राग जात नाही. असली गाणी करता येणाऱ्या माणसाला धुकं कशाला हवं?

माझ्या हिशेबाने ३२ पैकी १८ ठेवावीत. यादी मागू नका, भांडणं होतील.

शेवंती

यादी द्या. भांडायलाच बसलोय.

काळी चार

बरं. पहिल्या भागातून 'ले मशिनिस्ट फँटोम' आधी काढतो.

डेसिबल

कैच्याकै! ते वाजायला लागलं की मला जुन्या हेरपटातला पाठलाग दिसतो. अख्ख्या अल्बममधला श्वास घ्यायचा थांबा आहे तो. काढायचंच तर 'डिमन बिच' काढा.

बर्फाळ

'डिमन बिच'ला हात लावू देणार नाही.

अनुस्वार

म्हणजे १८ वर एकमत व्हायला ३२ च लागणार.

फिरस्ता

उशिरा आलो. सगळं वाचून काढलं, अजून ऐकलेलं नाही. मला यूट्यूब नको, एलपी हवी आहे. पुण्यात दोन ठिकाणी विचारलं, मागवून देतो म्हणाले पण जो भाव सांगितला तो ऐकून घरी परतलो. बर्फाळ, तुमच्याकडे मिळते का?

बर्फाळ

मिळते. २०२४ च्या ऑक्टोबरात बँडकॅम्पवर (कलाकार थेट गाणी विकतात ती साइट) अल्बम आला आणि २०२५ मध्ये तबकड्या निघाल्या, तीन एलपींचा संच. सीडीही आहे, दोन सीडींची. इथल्या दुकानात मी दोन्ही पाहिलंय. डिसेंबरात पुण्याला येतोय, पण सामानात आईसाठीचं बरंच आहे आणि तीन एलपी चांगल्याच जड होतात. सीडी चालेल का?

फिरस्ता

सीडी प्लेअर गेल्या वर्षी भंगारात दिला हो. एलपीच बघा जमलं तर. वजनाचे पैसे मी भरतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.